काटा राहू दे, फीत लाव

चिरंजीव,

तुझा रिपोर्ट पाहिला आणि त्याखालचा प्रश्नही. वजन ६४ किलो, उंची १७० सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२, म्हणजे ठीकच. मग ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४० इतकी जास्त कशी, लॅबवाल्यांनी नमुना बदलला का? नाही रे बाबा, नमुना तुझाच आहे. गणपतीत आरतीला तू माझ्या पुढेच उभा होतास. हातपाय काटक्या आणि कुर्त्याखाली पालथी वाटी. तेव्हाच कंबर मोजायला खिशातली फीत काढणार होतो, पण तुझ्या काकूनं डोळे वटारले.

काट्याला किलो कळतात. ते मांसाचे की चरबीचे, आणि चरबी मांडीवर बसलीय की आतड्यांभोवती, हे त्याला कोण सांगणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय नेमका २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. काट्यानं दोघांना एकाच रांगेत बसवलं होतं. म्हणून सांगतो, फीत लाव.

आता 'चरबी रक्ताच्या नळीत साचते' हे जे तू लिहिलंयस, ते डोक्यातून काढून टाक. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी शिकवली आणि हे वाक्य ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं. साचतं ते नळीत नाही, नळीच्या भिंतीत. पोटातली चरबी हे नुसतं कोठार नसतं. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं थेट यकृतात जातात, यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, एलडीएल या वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि घट्ट होतात. ते धमनीच्या अस्तराखाली शिरतात. तिथल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळून गिळून फेसाळ होतात. त्यात हीच चरबी अंगात बारीक दाह पेटता ठेवते. गिलाव्याखाली ओल धरावी आणि पोपडा फुगावा, तसं ते चालतं. पुढे त्यात चुना भरतो. शवविच्छेदनात अशी महाधमनी उघडताना कात्रीखाली अंड्याचं टरफल मोडल्यासारखा आवाज येतो. मुलं हसायची थांबायची. आणि पोपडा मध्येच फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते; तो हार्ट अटॅक.

'पण मी एकोणतीसचा' म्हणशील. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली होती, १९५३ साली छापून आलं. सरासरी वय २२. शंभरातल्या सत्याहत्तरांच्या हृदयाच्या धमन्यांत या पोपड्याच्या खुणा होत्या.

आमच्या विभागात एक सहकारी होता, माझा मित्र. वजन ५८. रोज चारला आम्ही चहा प्यायचो आणि रोज मला त्याचा पट्टा दिसायचा. शेवटचं भोक ताणून ताणून लांबट झालेलं. एकदा म्हणाला, जिना चढताना छाती भरून येते. मी म्हणालो, तुझ्या अंगावर मांस नाही, तुला कसला हार्ट अटॅक! सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला.

तेव्हा भिंतीवर उंची-वजनाचा तक्ता असायचा, आम्ही त्याच्यावर विसंबायचो. सगळेच विसंबायचे. मार्सेयच्या झाँ वाग यांनी पोटाकडची चरबी वेगळी आणि घातक असते हे १९४७ सालीच लिहिलं होतं, पण ते फ्रेंचमध्ये होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. १९५६ साली ते इंग्रजीतही आलं होतं. असो. लग्नाच्या मांडवातसुद्धा हा म्हातारा फीत काढतो म्हणून तुम्ही पोरं हसता; हसा. मी काढणारच.

फीत कशी लावायची ते ऐक. पँटच्या पट्ट्यापाशी नाही, तिथे सगळेच बारीक असतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या पुढे धोका, बाईला ८० च्या. आईलाही लाव. आणि पोट आत ओढू नकोस, मला फसवून तुला काय मिळणार?

उठाबशा मारून फक्त पोट उतरत नाही, त्यात पडू नकोस. रोज दम लागेल असं चाल, रात्रीचं उशिराचं पार्सल बंद कर. आतली चरबी व्यायामाला बऱ्यापैकी लवकर दाद देते, तेवढं तिचं एक बरं आहे. सिगारेट ओढत असशील तर ते वेगळं बोलू, आईसमोर नाही. रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, साखर आणि रक्तदाबही बघून घे. तीन महिने वजन मला कळवू नकोस. सेंटिमीटर कळव.

रविवारी सकाळी उपाशीपोटी ये, पहिलं माप मी घेतो. काकू पोहे करणार आहे. ते मोजून झाल्यावर.

तुझा,
काका