चामड्याचं काम छंद म्हणून सुरू करायचंय. स्वस्तात अवजारं कशी जमवावीत?

तुम्ही लिहिलंय की पाकीट, कार्ड ठेवायचं कव्हर अशा छोट्या वस्तू घरी करायच्या आहेत, पण अवजारांचा मोठा संच परवडत नाही. माझं मत स्पष्ट आहे: परवडला तरी तो संच घेऊ नका. त्यातले बरेचसे नग नक्षीचे ठसे असतात, पाकिटासाठी त्यांना हातही लावावा लागत नाही. ज्यांच्यावर खरं काम चालतं ती सुरी, आरी (भोक पाडायचं टोकदार अवजार) आणि छिन्नी मात्र त्यात बहुतेकदा सुमारच निघते.

आधी एक वस्तू ठरवा आणि फक्त तिच्यापुरती अवजारं घ्या. कार्डाचं कव्हर उत्तम. त्याला सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचं चामडं पुरतं आणि सगळी शिलाई सरळ रेषेत येते.

कापायला पाती मोडत जाणारा साधा कटर आणि स्टीलची पट्टी पुरे. रापी, म्हणजे चामडं कापायची खास सुरी, सुंदर अवजार आहे, पण तिला धार लावता आली पाहिजे, म्हणून ती नंतर. एका दमात कापायचा हट्ट नको. हलक्या हाताने त्याच रेषेवरून दोन-तीनदा पातं फिरवलं की कड सरळ येते. शिलाईची रेषा आखायला कंपासपेटीतला डिव्हायडर चालतो: एक टोक कडेबाहेर टेकवून, दुसऱ्याने चामड्यावर हलका ओरखडा काढत जायचं.

पैसे खर्च करायचेच असतील तर स्टिचिंग चिझलवर करा, म्हणजे ओळीने भोकं पाडणाऱ्या दातेरी छिन्नीवर. शिलाई रेखीव दिसते ती याच अवजारामुळे. दोन दात्यांची आणि चार दात्यांची अशा दोन घ्या, दोन्हींच्या दात्यांमधलं अंतर सारखं, 4 मिलिमीटर. चार दात्यांची सरळ रेषेला, दोन दात्यांची वळणाला. पुढचा ठोका मारताना पहिला दाता आधीच्या शेवटच्या भोकात बसवायचा, म्हणजे अंतर चुकत नाही. स्वस्त छिन्नीचे दाते खरखरीत असतात, त्यामुळे ती चामड्यात रुतून बसते आणि उपसताना चामडं ओढलं जातं. यावर उपाय सोपा आहे. 1000 आणि मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी दात्यांच्या फटींतून आणि बाजूंवरून फिरवायची, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. नंतर काम करताना अधूनमधून दाते मेणाच्या वडीत टोचून काढायचे. एवढ्याने साधी छिन्नीही लोण्यातून निघावी तशी निघते. फक्त तिच्यावर लोखंडी हातोडी मारू नका, डोकं पसरतं. लाकडी किंवा नायलॉनची मोगरी वापरा. खाली भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड, त्याच्याखाली फरशीचा तुकडा, आणि हे सगळं टेबलाच्या पायाच्या बरोब्बर वर ठेवा. ठोका उसळत नाही, आवाजही कमी होतो.

सुया बोथट टोकाच्या दोन लागतात. भोकं आधीच पाडलेली असतात, आणि टोकदार सुई दुसऱ्या बाजूने आलेल्या दोऱ्यातच घुसते. दोरा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार. अशी शिलाई एखाद्या जागी तुटली तरी उसवत जात नाही. मेण लावलेला पॉलिएस्टरचा 0.8 मिलिमीटर दोरा घ्या. शिलाईच्या लांबीच्या चौपट कापला की पुरतो. शिवताना पकडायला खास चिमटा मिळतो, पण छोटी वस्तू दोन गुडघ्यांत धरूनही शिवता येते, आणि कडा जुळवून ठेवायला कागदांना लावायच्या क्लिपा आहेतच. त्यांच्या तोंडात चामड्याची चिंधी घाला, नाहीतर वण उठतात.

कडांसाठी वेगळं अवजार नकोच. बारीक सँडपेपरने घासा, किंचित ओलं करा आणि जीनच्या जाड कापडाने जोरात चोळा, कड चकाकते. हे वनस्पतीजन्य पद्धतीने, म्हणजे झाडांच्या सालींसारख्या पदार्थांनी, कमावलेल्या चामड्यालाच जमतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या मऊ चामड्याची कड कितीही चोळली तरी तशी होत नाही, तिला रंगाचा थर द्यावा लागतो. त्यामुळे सोफे किंवा बॅगा करणाऱ्यांकडची कातरण जरूर मागून आणा, पण ती शिलाईच्या सरावासाठी. बहुतेकदा ती क्रोमचीच असते.

अवजारं शोधताना हौशी लोकांच्या दुकानांआधी चपला-बूट करणाऱ्या कारागिरांना माल पुरवणारं दुकान गाठा. आरी, रापी, दोरा, मेण, चिकटवायचं सोल्यूशन तिथे रोजच्या वापराचं आणि रास्त भावात मिळतं. काम करणारा कारागीर भेटला तर आरी कशी धरतात ते अवश्य विचारा. आरी आडवी-तिरपी गेली की मागच्या बाजूची शिलाई वाकडी दिसते, हे त्याच्या हाताकडे पाहून पटकन कळतं.

जुनी अवजारं मिळाली तरी घ्या. वरवरचा गंज घासून जातो. दाता वाकलेला किंवा धारेच्या जागी खड्डे पडलेले असतील तर मात्र सोडून द्या. भोकांचा फिरता पंच स्वस्तातला घेऊ नका, त्याची नळी आणि खालची पट्टी नीट जुळत नाही. पट्टा करायला घ्याल तेव्हा हव्या त्या मापाचा एकच सुटा पंच आणा.