पुण्याची गाडी नागपुरात, बंपरचे क्लेम आणि वाढलेला प्रीमियम

प्रश्न : पुण्याहून बदलून नागपुरात आलो. गाडी एमएच १२ पासिंगची, १२०० सीसी, चार वर्षांची. ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) होता; त्यानंतर दोन वर्षांत तीन क्लेम झाले, त्यातले दोन नुसते बंपरचे. दोन-तीन चलानंही आहेत. आता रिन्यूअलचा आकडा फारच वाढलाय. इथला नंबर घेतला तर कमी होईल का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : राज्यातल्या राज्यात बदली झाली तर गाडीचा नंबर बदलत नाही. ३० दिवसांत आरटीओत पत्ता बदलायचा आणि पॉलिसीतही तो दुरुस्त करून घ्यायचा, एवढंच. विम्याच्या दरांसाठी पुणे अ झोनमध्ये आहे, नागपूर ब झोनमध्ये. पण जुन्या टॅरिफचे, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेले, दर पाहा : पाच वर्षांच्या आतल्या अशा गाडीला आयडीव्हीच्या (गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या) ३.२८३ आणि ३.१९१ टक्के. सहा लाखांवर फरक ५५२ रुपयांचा! २००७ पासून कंपन्या आपापले दर लावतात, तरी मोठी रक्कम झोनमध्ये अडकलेली नसते. थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीसाठीचा) हप्ता तर सरकारच ठरवतं. चलानं असोत-नसोत, तो सगळीकडे सारखाच.

तुमचे पैसे गेले ते बंपरमध्ये. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने झालेली झीज, कापतात. ८,००० चा बंपर बदलला तर ४,००० उरले, त्यातून प्रत्येक क्लेमला आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा, हातात ३,०००. त्यापायी बोनस शून्यावर आला. बोनसआधीचा ओडी (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा) प्रीमियम १४,००० धरा. क्लेम नसता तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट होती, म्हणजे ६,३०० वाचले असते. त्यानंतरच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच सूट, म्हणजे आणखी ४,२०० गेले. आयडीव्ही घटेल तसे हे आकडे थोडे उतरतील, पण ३,००० साठी हा सौदा कधीच परवडत नाही. ओरखडे आणि पोचे खिशातून करा. क्लेम मोठ्या नुकसानीसाठी राखा.

आता स्वेच्छेने जास्त डिडक्टिबल (क्लेममधला आपण सोसायचा वाटा) घेऊन कोटेशन मागवा. मात्र अपघात झालाच तर तेवढी रक्कम तुम्हालाच भरावी लागेल. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवस उलटू देऊ नका, नाहीतर पुढे जमवलेला बोनसही बुडतो.

प्रश्न : नागपुरात अंबाझरी तलावाजवळ राहतो. इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीसाठीचं जादा संरक्षण) घ्यावं का?

उत्तर : जरूर घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला तेव्हा त्या भागात घराघरांत पाणी शिरलं. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारला की पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी पॉलिसी याला परिणामी (थेट पुराने न झालेलं, मागाहून ओढवलेलं) नुकसान म्हणून नाकारते. पाणी ओसरल्यावरही किल्ली फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्या आणि टो करूनच गॅरेजला न्या.