पाणी ओढते, झाडते, तरी व्यायाम?

प्रश्न : माझं वय ६३. आमचं घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या टोकाला. चढते कशीबशी, पण उतरताना गुडघे ठणकतात, म्हणून आडवी होऊन उतरते. पाटावर बसले की उठायला कोणाचा तरी हात लागतो. डॉक्टरांनी फोटो काढून थोडी झीज सांगितली, ऑपरेशन नको म्हणाले. मुंबईचा मुलगा म्हणतो, ट्रेनर लाव, पैसे मी देतो. अहो, विहिरीचं पाणी, झाडलोट, परसू सगळं मीच बघते. आणखी व्यायाम तो कसला? आणि या वयात वजनं उचलताना बघून वाडी हसेल ती वेगळीच.
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : काकू, वाडीचं आधी मिटवू. मागच्या पडवीत करा, कोणाला दिसत नाही.

आता कामाचं. रोजच्या कामाने आहे ती ताकद बरीचशी टिकते, पण अंगवळणी पडलेल्या कामाने ती वाढत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर जरा जोरात. कळशी तीच, पायऱ्या त्याच, त्यांना पेलणारं मांस मात्र कमी. शिवाय काही हालचाली घरातून गेल्याच. ओटा आला, विळी सुटली, कमोड आला. जमिनीवरची ऊठबस दिवसातून एकदाही होत नाही. मग पाटावरून उठणं जड जाणारच.

उतरतानाच का दुखतं? उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत अंगाचा भार आवरतो, रहाटाचा दोर हळूहळू सोडताना हात आवरून धरतो तसा. तो कच्चा असला की धक्का गुडघ्यावर येतो. पावसात शेवाळ धरलं की खुशाल आडव्या उतरा, पडण्यापेक्षा बरं. पण तेवढ्याने स्नायू सुधारणार नाही.

एक चाचणी करा. भिंतीला टेकलेली खुर्ची, हात छातीवर आडवे, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहता ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात. हाताचा आधार लागला तर आकडा शून्य. लाजू नका, कुठून सुरुवात करायची ते तरी कळतं.

सुरुवात याच ऊठबशीने. खुर्चीवर गोधडीच्या घड्या ठेवून ती उंच करा. उठताना श्वास सोडा, कोंडू नका, आणि बसताना मनात तीन मोजत सावकाश या. आठ-दहा वेळा, थोडा विसावा, पुन्हा एकदा. शेवटच्या दोन खेपा सोप्या वाटू लागल्या की एक घडी काढा. घड्या संपल्या की छातीशी दोन लिटर पाण्याची बाटली धरा, म्हणजे दोन किलो. मग स्टूल, आणि शेवटी पाट. वजन, उंची किंवा खेपा, यांतलं एका वेळी एकच बदलायचं. ट्रेनर खरं तर याच हिशेबाचे पैसे घेतो.

दुसरं पायरीचं. एका विटेवर उभ्या राहा, खांब धरा, दुसऱ्या पायाची टाच जमिनीला नुसती लागेल इतकं हळू खाली या. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहू दे, आत वळू देऊ नका. जोडीला दाराची चौकट धरून टाचा उचलणं आणि ओट्याशी एका पायावर उभं राहणं. जमिनीवरून उठताना एक गुडघा घडी घातलेल्या गोधडीवर, दुसरं पाऊल पुढे, हात खुर्चीवर. हेही मुद्दाम गिरवायचं.

आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय, आणि पासष्टीनंतर तोल व ताकदीचा तीन दिवस. तुम्ही त्या उंबरठ्यावरच आहात. करताना थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं तर चालतं. सूज आली, गुडघा अडकला तर थांबून डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपलं तर वाट बघत बसू नका.

आणि खाणं. स्नायूला प्रथिनं लागतात. कुळथाची पिठी मलाही आवडते, पण ती पातळ. ताटभर भातावर वाढली तरी कुळीथ किती जातो? उसळ करा. मासे खात असाल तर बांगड्यासारखं स्वस्त आणि चांगलं दुसरं नाही.

ट्रेनर लावाच, मुलगा देतोय तर. निदान पहिले काही आठवडे समोरासमोर, मग फोनवर चालेल. पहिल्या दिवशी त्याने बीपी-शुगर विचारली पाहिजे आणि तुम्हाला पायरी उतरताना पाहिलं पाहिजे. काही न विचारता पन्नास उठाबशा सांगितल्या तर चहा पाजून पाठवून द्या.

प्रश्न : वय ३४, देवगड. दरवर्षी आंब्याचा हंगाम सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात क्रेट उचलून कंबर धरते. पट्टा वापरू का?

उत्तर : पट्टा नको, जानेवारी वापरा. वर्षभर वीस किलोचं काही उचलायचं नाही आणि मार्चमध्ये एकदम गाडी भरायची, यात कंबरेचा काय दोष? क्रेटमध्ये आठ-दहा किलो वाळू घालून सुरू करा, आठवड्याला एक-दोन किलो वाढवा. क्रेट अंगालगत, वाकणं खुब्यातून. जमतंय का ते लांब, सरळ दांड्याने तपासा: दांडा डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्हीला टेकलेला राहिला पाहिजे. उचलून वळताना पावलं वळवा, कंबर पिळू नका. पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर. लघवी अडली तर त्याच दिवशी, क्रेट तिथेच ठेवून.