विंडोज ११ ठेवून त्याच लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं तर डेटा जाईल का?

नीट केलं तर जात नाही. गडबड बहुतेक वेळा उबुंटूच्या इन्स्टॉलरमुळे नाही, तर विंडोजमधली तयारी अर्धवट राहिल्याने होते, म्हणून मी त्यावरच भर देतो. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि चार्जर लावूनच सुरुवात करा.

विंडोज ११ मध्ये डिस्क अनेकदा आपल्या नकळत एन्क्रिप्ट (कीशिवाय वाचता न येणारी) झालेली असते. 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग ते बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) किंवा बूटचा क्रम बदलला की हीच की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डेटा डिस्कवर असूनही हाती लागत नाही.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा (कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स). ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. कर्नल (विंडोजचा गाभा) हायबरनेट होतो, म्हणजे त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते, आणि सी ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो. मग उबुंटू तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतं. जबरदस्तीने त्यावर लिहिलं तर विंडोज जुन्याच नोंदी घेऊन जागं होतं आणि फाइल सिस्टिम बिघडते. याकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात.

जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच काढा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', ६० जीबीसाठी ६१४४० एमबी. त्या जागेत नवं पार्टिशन बनवू नका, ती 'अनअलोकेटेड'च राहू द्या. भरपूर रिकामी जागा असूनही थोडीच मिळत असेल, तर पेज फाइल, हायबरनेशन फाइल किंवा रिस्टोअर पॉइंट मध्येच ठाण मांडून बसलेले असतात. ते तात्पुरते बंद करून रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

उबुंटूच्या इन्स्टॉलरसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह रुफस या प्रोग्रामने तयार करा. आधी 'ट्राय उबुंटू'मध्ये वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. मॅन्युअल पार्टिशनिंगमध्ये रिकाम्या जागेत एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन करून त्याला रूट माउंट (/) द्या. ईएफआय पार्टिशन आहे तेच वापरा, पण त्यावर फॉरमॅटची खूण नको. विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्राम) तिथेच असतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर स्टोरेज बहुधा इंटेल आरएसटी मोडमध्ये (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत) असतं. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) थेट एएचसीआय हा दुसरा, सर्वसामान्य मोड निवडलं तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकतं. आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'सेफ बूट' लावा, मग मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा आणि ती खूण काढा. अकाउंटचा पासवर्ड पाठ हवा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही.

नंतर विंडोजमधलं घड्याळ चुकीचं दिसलं तर घाबरू नका. उबुंटू हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर. उबुंटूलाच स्थानिक वेळ वापरायला सांगा.

आणि कधी उबुंटू काढायचं ठरलं, तर आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा, मगच पार्टिशन पुसा. उलट केलं तर लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या (उबुंटूच्या बूटलोडरच्या) काळ्या पडद्यावरच थांबेल.