डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग मुलाला कबड्डी खेळू द्यायला काय हरकत आहे?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पंधरा वर्षांचा, तासगावच्या संघात डावा कोपरा सांभाळतो. घोटा धरायला झेपावला आणि चढाई करणाऱ्याचा गुडघा कानशिलावर बसला. तीन आठवडे झाले, सीटी नॉर्मल, पण फळ्यावरचं वहीत उतरवताना डोकं गरगरतं, ओळी सरकतात. सर म्हणतात मुका मार आहे, जिल्ह्याचे सामने खेळू दे.

नको. हे सामने जाऊ द्यात.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे, कबड्डीची आणि तालमीतली पोरं नेहमी बघते. सीटी बघतो तो रक्तस्राव आणि हाडाचं फ्रॅक्चर. कंकशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदू हादरतो तेव्हा, मेंदूचं काम बिघडतं, आणि ते सीटीवर उमटत नाही. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय, मान आणि डोळे यांचा ताळमेळ असला तरच डोकं हललं तरी नजर जागेवर राहते. फळा ते वही या एका हालचालीत मान खाली येते, नजर उडी मारते आणि दोन्ही डोळे आत वळतात. तेच त्याला जमत नाहीये. कृपा करून त्याला अभ्यासाचा कंटाळा म्हणू नका. चष्म्याचा नंबर काढलात तर बहुधा शून्यच येईल, कारण तिथे समोरचं अक्षर हलत नसतं.

तपासणी साधी असते. पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणायचं आणि एकाची दोन कुठे दिसतात ते मोजायचं. साधारण ५-६ सेंटीमीटरच्या आत आलं तर ठीक. मार लागलेल्या काही पोरांचं पेन अजून वीतभर लांब असतं तोच एक डोळा बाहेर सरकतो, मान मागे जाते, हात खुर्चीची कड धरतात. मग नजरेच्या उड्या, मान हलवत अक्षरावर नजर ठेवणं, आणि प्रत्येक वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ दहापैकी किती ते विचारायचं. ही पद्धत पिट्सबर्गच्या तज्ज्ञांनी २०१४ साली मांडली. सोबत डोळे मिटून एका पायावर, मग पावलापुढे पाऊल ठेवून उभं करतो. त्या वेळी वडिलांनी बाहेर बसलेलं बरं. सामना तोंडावर असला की मुलं घरच्यांसमोर ‘काही होत नाही’ एवढंच म्हणतात.

कोपऱ्यावरच्या खेळाडूला चढाईवाल्याचं पाऊल, साखळीतला हात आणि रेषा एकाच क्षणात टिपायला लागतात. नजर उशिरा पोचली की दुसरा मार ठरलेला. पहिला बरा होण्याआधी दुसरा बसला तर दुखणं लांबतं, आणि क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. ती जास्त करून याच वयात आढळते.

अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायची पद्धत आता मागे पडली. पहिले एक-दोन दिवस आराम, नंतर चालणं, हलकी सायकल. तुमच्या मुलाला आता नजरेचे आणि तोलाचे व्यायाम लागतील, पण किती आणि कोणते ते तपासूनच ठरतं. कूस बदलताना खोली फिरते का, हे त्याला आवर्जून विचारा. तसं असेल तर आतल्या कानातले कण हललेले असू शकतात आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते बहुतेकदा जागेवर आणता येतात.

मिरज तुम्हाला जवळ आहे. न्यूरॉलॉजिस्ट किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ‘तोलाची आणि डोळ्यांच्या हालचालींची तपासणी हवी’ असं स्पष्ट सांगा. आधी शाळा पूर्ण वेळ जमू दे, मग पळणं, एकट्याने पदन्यास, धक्का न लागणारा सराव. पकडी त्यानंतर, त्याही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. एका पायरीला किमान एक दिवस. पण उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, झोपेतून नीट उठेना, झटका आला किंवा हातपाय लुळे पडले तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठा.

जाताना सीटीचा रिपोर्ट घ्या, आणि मार लागल्यानंतरची त्याची वर्गातली वहीही घ्या. अक्षर कुठे बिघडलं, ओळी कुठे सुटल्या, हे डॉक्टरांना दिसू दे.