‘स्कझी’ तो, ती की ते? आणि टोकाच्या बुचाला काय म्हणावे?

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडिलांच्या बंद झालेल्या छापखान्यातल्या सामानाची ते मराठीत यादी करत आहेत. त्यात जुना मॅक, स्कॅनर, झिप ड्राइव्ह (काढघाल करता येणाऱ्या चकत्यांचा), जाडजूड केबली आणि एक केबल नसलेला प्लग आहे. प्लगवर इंग्रजीत ‘एससीएसआय टर्मिनेटर’ असे छापले आहे. ते विचारतात: ‘एससीएसआय’ लिहू की ‘स्कझी’? ‘स्कझी’ तो, ती की ते? आणि टर्मिनेटरला मराठीत काय म्हणू?

मी निःशंकपणे ‘स्कझी’ लिहीन. या इंग्रजी नावाचा विस्तार ‘स्मॉल कॉम्प्युटर सिस्टिम इंटरफेस’ असा आहे, म्हणजे संगणकाला डिस्क, स्कॅनर अशी यंत्रे जोडायची एक ठरीव जोडणी. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीची ‘सासी’ नावाची जोडणी हे तिचे मूळ. पुढे १९८६ मध्ये तिला अमेरिकी राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ज्यांनी ती घडवली आणि वापरली, ते तिची अक्षरे सुटी न वाचता सलग शब्द उच्चारत. मराठीलाही ही रीत परकी नाही. आपण गोव्यात ‘मगो’ म्हणतो ते महाराष्ट्रवादी गोमंतक या पक्षाच्या नावाची अक्षरे जुळवूनच. ‘यूएसबी’ मात्र सुटी अक्षरे वाचूनच रुळली. कुठले नाव कसे रुळते ते वापरणारे ठरवतात, आणि इथे ते ठरून चाळीसेक वर्षे झाली.

या लेखनात मला एक गोष्ट फार आवडते. इंग्रजी अक्षरांत शेवटच्या ‘आय’आधी एकही स्वर नाही. शब्द म्हणून वाचायचा तर मधे एक स्वर पदरचा घालावा लागतो. देवनागरीत तो क मध्ये मुळातच आहे, त्यामुळे ‘स्कझी’ लिहिताना त्याच्यासाठी वेगळे चिन्ह लागत नाही. इंग्रजीत न लिहिलेला स्वर मराठीतही न लिहिताच उच्चारला जातो.

झ चे थोडे सांगायला हवे. ‘माझा’ आणि ‘माझी’ सावकाश म्हणून पाहा. पहिल्या झ ला जीभ दातांकडे जाते, दुसऱ्याला टाळूकडे. ई, ए, य यांच्याआधी आपला झ टाळूकडे सरकतो. म्हणून मराठी वळणाच्या तोंडी ‘स्कझी’तला झ ‘माझी’सारखा येईल आणि इंग्रजीची सवय असलेल्याच्या तोंडी ‘माझा’च्या जवळचा. लेखन दोघांचे एकच. झिप, झूम, झेरॉक्स आपण असेच लिहितो, नुक्ता देत नाही. ज्या गावांत शाळेला ‘इस्कोल’ म्हणतात, तिथल्या एका ज्येष्ठ ऑपरेटरच्या तोंडून मी ‘इस्कझी’ही ऐकले आहे. ते चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण यादीत ‘स्कझी’च लिहा.

आता लिंग. आद्याक्षरी नावाला स्वतःचे लिंग क्वचितच असते. ते ज्या वस्तूबद्दल बोलतो तिच्याकडून येते. पक्ष मनात असतो म्हणून ‘मगो जिंकला’, गाडी मनात असते म्हणून ‘एसटी चुकली’. त्याच न्यायाने स्कझी केबल तुटली, स्कझी कार्ड जळले, स्कझी स्कॅनर बंद पडला. नुसते ‘स्कझी’ म्हणायची वेळ आली तर मी स्त्रीलिंग करीन, कारण जोडणी मनात असते आणि शब्दाचा शेवटही ईकारान्त आहे: ‘या मॅकला स्कझी आहे.’ ‘इंटरफेस’साठी काही जण ‘आंतरपृष्ठ’ लिहितात, पण त्यातून फक्त पृष्ठभाग दिसतो. स्कझी म्हणजे प्लगचा आकार, तारांवरचे विद्युतदाब आणि यंत्रांनी एकमेकांना द्यायच्या आज्ञा, या सगळ्यांबद्दलचा करार. यादीत साधे ‘जोडणी’ पुरे.

खरा प्रश्न टर्मिनेटरचा आहे, आणि मला तो जवळचा आहे. नव्वदच्या दशकात मडगावच्या एका छापखान्यात मी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी, करत असे. मॅकच्या मागून एक जाड केबल झिप ड्राइव्हला, तिथून दुसरी स्कॅनरला, अशी रांग होती. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर केबलीच्या दोन जागा: एक येणारीची, एक पुढे जाणारीची. स्कॅनर शेवटचा, म्हणून त्याच्या रिकाम्या जागेत हा बिनकेबलीचा प्लग बसवलेला असे. दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या, त्या टक्कन आत दाबायच्या. आम्ही सगळे त्याला ‘बूच’ म्हणत होतो.

एकदा साफसफाईत ते काढून मीच खणात टाकले. बूच म्हणजे धूळ जाऊ नये म्हणून लावायचे, असाच माझा समज होता. दुसऱ्या दिवशी स्कॅनर कधी दिसे, कधी गायब. अर्धे चित्र येऊन मॅक थिजे. लग्नपत्रिकांचे दिवस होते. आम्ही केबली बदलल्या. प्रत्येक यंत्राच्या पाठीवरचा ० ते ७ मधला ओळख क्रमांक तपासला, कारण एकाच रांगेत दोघांचा क्रमांक सारखा चालत नाही. तिसऱ्या दिवशी पणजीहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने खण उघडला, बूच लावले आणि सगळे सुरळीत झाले.

त्याने मला जे सांगितले ते गोव्यात कुणालाही डोळ्यांनी पाहता येते. बेतीच्या फेरीच्या धक्क्यावर उभे राहा. बोटीने उठवलेली लाट उभ्या भिंतीवर आपटते, उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेत घुसते. पाण्यावर कुठली लाट कुणाची ते कळत नाही. मिरामारला तीच लाट उतरत्या वाळूवर पसरत जाते आणि जिरते. केबलीच्या उघड्या टोकावरून विजेचा संकेत धक्क्यावरच्या लाटेसारखा परततो आणि पुढच्या संकेतांत मिसळतो. टर्मिनेटर म्हणजे टोकाला घातलेली वाळू. साध्या प्रकारात प्रत्येक संकेतवाहक तारेला दोन रोधक (रेझिस्टर) असतात, एक २२० ओहमचा पाच व्होल्टकडे आणि एक ३३० ओहमचा जमिनीकडे. केबलीच्या अंगच्या रोधाशी मेळ बसेल असे ते निवडलेले असतात, म्हणून संकेत तिथे जिरून जातो.

म्हणूनच ‘बूच’ मला नको. बूच अडवते, हे जिरवते. ‘समापक’, ‘अंतक’ हे इंग्रजीचे शब्दशः प्रतिशब्द झाले, पण त्यांतूनही काम कळत नाही, फक्त जागा कळते. माझा शब्द ‘शमक’. अग्निशामक, वेदनाशामक या शब्दांमुळे त्याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. शमक टाकून द्यावा असे कुणाला वाटणार नाही.

तसाच दुसरा शब्द ‘डेझी चेन’, म्हणजे यंत्रांची ही रांग. सगळे ‘माळ’ म्हणतील, पण गळ्यातली माळ दोन्ही टोके बांधून पुरी होते, आणि स्कझीची रांग कधीच तशी जोडायची नसते. आपल्याकडे आबोलीची फाती असते. केसांत माळायची, दोन टोके मोकळी, मधे फुलाला फूल गुंफलेले. स्कझीची रांग ही फाती आहे: दोन टोकांना दोन शमक आणि मधल्या कुठल्याही यंत्रावर एकही नाही. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी ‘साखळी’ लिहा, घरात ‘फाती’ म्हणा.

हे शब्द फक्त अडगळीचे नाहीत. तुमच्या पेन ड्राइव्हशी संगणक आजही बहुधा स्कझीच्याच आज्ञांत बोलतो, आणि लिनक्समध्ये डिस्कच्या ‘एसडीए’ या नावातले पहिले दोन वर्ण स्कझी डिस्कचेच आहेत.

तुमच्या यादीत असे लिहा: ‘स्कझी शमक, ५० पिनी, नग १’. पिना मोजून घ्या, कारण २५ आणि ६८ पिनींचेही असत. दुसरा सापडला नाही म्हणून हरवला असे समजू नका. मॅकमध्ये फातीचे एक टोक बहुधा आतल्या डिस्कपाशी असे, आणि त्या टोकाचे रोधक तिच्यावरच बसवलेले असत.