बिनतारीला तार कशाला?

दारव्हा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. हॅम रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संपर्क साधण्याच्या, परीक्षेची तयारी करताना, नुसतं ऐकण्यासाठी म्हणून, त्याने घरापासून निंबाच्या झाडापर्यंत 20 मीटर तार ताणली. त्याच्या आबाजींनी विचारलं, "बिनतारी म्हनतं, अन् मंग येवढी तार कायले बांधून रायला बापू?" मग 'बिनतारी' हा शब्द चुकीचा का?

शब्द बरोबर आहे. 'बिनपगारी'सारखीच त्याची घडण, पण यातली तार म्हणजे अँटेनाची नव्हे. ही तार रेल्वेच्या रुळांशेजारी खांबांवरून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची ती. 1844 मध्ये मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर संदेश धाडला तो अशाच तारेवरून. पुढे आपल्याकडे त्या संदेशालाही 'तार'च म्हणू लागले. दोन ठिकाणांना जोडणारी ही तार गळाली, म्हणून बिनतारी.

दोन्ही टोकांची तार मात्र राहिली, किंबहुना वाढली. 1880 च्या दशकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने एकीकडे ठिणगी पाडली आणि तिच्यापासून निघालेल्या अदृश्य लहरींमुळे काही अंतरावरच्या तारेच्या कड्याच्या फटीत बारीक ठिणगी उमटलेली दाखवली. 1895 च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवली, बंदुकीची दारूही पेटवली. मग इटलीचा संशोधक मार्कोनी. 12 डिसेंबर 1901 ला इंग्लंडच्या पोल्ढूहून निघालेली मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीतली तीन टिंबं, म्हणजे 'एस' हे अक्षर, अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकू आली असं त्याने सांगितलं. ती खरंच आली होती का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण तिथली अँटेना आबाजींना जरूर सांगा: पतंगाला बांधून वर चढवलेली सुमारे दीडशे मीटर तार! तारेतला प्रवाह झपाट्याने उलटसुलट होतो तेव्हा लहरी सुटतात. त्या दुसऱ्या तारेवर आल्या की तिच्यात इवलासा प्रवाह जागा होतो. एवढ्यासाठी तार हवीच.

'रेडिओ' नंतर रुळला. मुळात लॅटिन 'रेडियस', म्हणजे किरण आणि चाकाचा आराही. बंडीच्या चाकात तुंब्यापासून चौफेर आरे निघतात, तशा अँटेनापासून लहरी. 1906 च्या बर्लिन परिषदेतल्या कराराच्या नावातच 'रेडिओटेलिग्राफ' आलं. 'बिनतारी' काय नाही ते सांगतो, 'रेडिओ' काय घडतं ते. मला दोन्ही प्रिय आहेत, पण इतिहास शिकणाऱ्याने आधी 'बिनतारी' समजून घ्यावा. हॅम मंडळी निरोप घेताना 'सेव्हन्टी थ्री' (73), म्हणजे 'शुभेच्छा', म्हणतात, तो संकेतही एकोणिसाव्या शतकातल्या तारयंत्रवाल्यांचाच.

वापराचं म्हणाल तर 'बिनतारी संदेश' किंवा 'वायरलेस' म्हटलं की गावात पोलिसांचाच संच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे आपल्या छंदाला 'हौशी रेडिओ' म्हणा. 'बिनतार' असं अर्धवट रूप मात्र टाळा. संदेश, यंत्रणा, संच यांच्या आधी 'बिनतारी'च हवं.